झाळलेली कडी

आमच्या दुकानात उघडी कडी विकली जात नाही. तशी पाटी कुठे लावलेली नाही. माझी पाटी म्हणजे माझी जीभ, आणि ती गिऱ्हाइकाला दारातूनच वाचता येते.

धंदा लटकनांचा. मनगटातल्या साखळीला अडकवायची चांदीची छोटी छोटी लटकनं. मासा, किल्ली, डोळा, कासव, पान, घंटी. शिकलेली माणसं त्यांना चार्म म्हणतात. मी ताईत म्हणते, कारण घेणारा कितीही शिकलेला असला तरी घेताना त्याचा चेहरा ताईत घेणाऱ्याचाच असतो. कोणाची परीक्षा असते, कोणाचं ऑपरेशन. तोंडानं म्हणणार, "नुसतं दिसायला छान आहे म्हणून घेतोय हो," आणि बोटांनी ते लटकन असं धरणार, जसं काही विहिरीत उतरायचंय आणि दोर हाच आहे.

इतर दुकानांत लटकन साखळीला जोडणारी कडी नुसती पकडीनं दाबून देतात. ती स्वेटरच्या लोकरीत अडकते, फाकते, लटकन कुठेतरी पडतं आणि गिऱ्हाईक रडत बसतं. माझ्याकडे कडी गिऱ्हाइकाच्या हातावरच कायमची बंद होते. मनगटाखाली ओलं चामडं ठेवायचं, त्यावर ओलं फडकं, फडक्यावर साखळी, आणि मग सुईसारख्या बारीक ज्योतीनं कडीच्या फटीला झाळ देऊन ती सांधून टाकायची. गिऱ्हाईक डोळे घट्ट मिटतं. ते उघडेपर्यंत काम झालेलं असतं. सांधा भिंगातून शोधला तरी सापडत नाही. "आता ही माझ्या करवतीशिवाय निघायची नाही," असं मी प्रत्येकाला सांगते. आजवर एकही कडी तुटून परत आलेली नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. फुशारकी मारायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत माझ्याकडे.

ज्योत फक्त मी धरायची, हा दुकानाचा नियम. सून माझी एम. ए. झालेली, हुशार, पण तिलाही ज्योतीला हात लावू दिला नव्हता. ती कपाटातली कार्डं लिहायची. प्रत्येक लटकनाशेजारी एक कार्ड, त्यावर त्याची जुनी कहाणी. एकदा तिनं वाचून दाखवलं, माणूस शेती करायला लागायच्या कितीतरी आधीपासून शिंपल्यांना आणि जनावरांच्या दातांना भोकं पाडून गळ्यात घालत होता.

"म्हणजे अंगात धड कपडा नव्हता तेव्हाही गळ्यात ताईत होता," मी म्हटलं. "आपला धंदा बुडत नाही म्हण."

"हे कार्डावर लिहू का आई?"

"लिही. खाली सही माझी."

"तुमची सही? तुम्ही कागदावर राग काढल्यासारखी एक रेघ ओढता."

अशी आमची जुगलबंदी दिवसभर चालायची. दोघीच होतो. मुलगा माझा जहाजावर, वर्षातून काही महिने घरी. खाली दुकान, वर दोन खोल्या. आणि नात. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण एका जागी ठरत नाही आणि गोड कुठेही लपवलं तरी तिला सापडतं. शाळा तिची समोरच, रस्त्याच्या पलीकडे. पण तो रस्ता म्हणजे मोठ्या गाड्यांचा. मुंगीला आणायला-पोचवायला रोज तिची आईच जायची, आणि दोघी येताना अशा गप्पा मारत यायच्या की सिग्नलवर उभी असलेली माणसं वळून बघायची.

एका दुपारी संग्रहालयातल्या बाई आल्या. मी पॉलिशच्या डब्यातून चांदीचे मासे काढत होते.

"काकू, एक काम होतं."

"काकू तुमच्या घरी. इथे मालकीणबाई."

आत सून खोकली. हसू दाबलं की तिला खोकला येतो.

बाईंनी पिशवीतून डबी काढली, डबीतून कापूस, आणि कापसातून एक हाडाची मूठ. शेंगदाण्याएवढी. लहान मुलाची बंद मूठ, अंगठा आत घेतलेला, आणि मनगटाच्या जागी आरपार भोक. हाताळून हाताळून झिजलेली, साबणाच्या चिपेसारखी गुळगुळीत झालेली.

"किती जुनी?"

"लिहिणं-वाचणं सुरू व्हायच्या आधीची."

"म्हणजे माझ्याच वेळची."

बाई हसल्या. जमिनीखाली एक जुनी वस्ती सापडली होती, तिथे अशा पुष्कळ मुठी निघाल्या होत्या. संग्रहालयात विकायला त्यांना चांदीच्या प्रती हव्या होत्या. मूळ वस्तू नजरेआड करायची परवानगी नव्हती, म्हणून मी रबराचा साचा घेईपर्यंत त्या स्टुलावर बसून राहिल्या. सून कामधाम सोडून त्यांच्यासमोर येऊन उभी. जुनं काही दिसलं की तिचे डोळे मोठे होतात.

"हे कशासाठी घालायचे?" तिनं विचारलं.

"मूल चालायला लागलं की आई स्वतःच्या मनगटात बांधत असावी. मूल हरवू नये म्हणून. असा आमचा अंदाज आहे."

"अंदाजच?" मी म्हटलं.

"लिहिलेलं काही नाही ना. अंदाजावरच चालतो आम्ही." मग त्यांना आठवलं. "एक गंमत आहे. या मुठी माणसाबरोबर पुरलेल्या कधीच सापडत नाहीत. बाकीचे दागिने असतात, मण्यांच्या माळा असतात, त्याही तांब्याच्या तारेत पक्क्या ओवलेल्या. मुठी मात्र वाटेच्या कडेला मिळतात. नाहीतर पाणवठ्याशी. आणि तार हाताशी असून मुठीला नेहमी गवताचा दोरा. भोकात धागे अडकलेले असतात, दर वेळी तुटलेले."

"ढिसाळ काम," मी म्हटलं. "माझी कडी तुटायची नाही, खात्री बाळगा."

"तुटू नयेच," बाई म्हणाल्या, आणि डबी छातीशी धरून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साच्यात मेण ओतलं. गार झाल्यावर मूठ बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली.

मेणाच्या मुठीला नखं होती.

मूळ मुठीला नव्हती. ती मी दुपारभर हातात धरली होती, नखं असती तर मला दिसली असती. तिथे सगळं झिजून सपाट झालेलं होतं. मेणात मात्र बोटाबोटाला नख, नखाच्या मुळाशी छोटी चंद्रकोरसुद्धा. मी सुनेला हाक मारून दाखवलं.

"बघ, साचा याला म्हणतात. डोळ्याला दिसत नाही तेही उतरवलंय."

"आई, जे नाहीच ते कसं उतरेल?"

"तुझ्या पुस्तकात नसेल तसं," मी म्हटलं, आणि चांदी वितळवायला घेतली.

पहिला नमुना सुनेनंच मागितला. गिऱ्हाइकांना दाखवायला बरा, म्हणाली. तिनं डावा हात पुढे केला. मी ओलं चामडं ठेवलं, फडकं ठेवलं, ज्योत बारीक केली आणि कडी बंद केली. कार्डावर तिनं मूठ असं न लिहिता "चिमुकला हात" असं लिहिलं. मूठ म्हटलं की लोक भलतंच काहीतरी समजतात, म्हणाली. मला ते पटलं.

संध्याकाळी जेवताना ती मनगट चोळत होती.

"भाजलं का कुठे?"

"नाही हो. अजून गरम लागतंय, एवढंच."

चांदी ओल्या फडक्याला टेकली की लगेच गार होते.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. मी अशी बाई आहे की समोरून चालत आलेल्या माणसाच्या मनगटावरून तो काय घेणार ते ओळखते. घरातल्या माणसाचं चालणं बदललं तर मला कळणार नाही का? सून पूर्वी तरातरा चालायची. आता हळू चालायला लागली, लहान लहान पावलं टाकत. जिन्यावर प्रत्येक पायरीला जरा थांबायची. डावा खांदा किंचित खाली, हात अंगापासून थोडा दूर, बोटं अर्धी मिटलेली.

मला वाटलं, खांदा धरला असेल. तेल चोळून दिलं. खांद्यात काही नव्हतं.

दार उघडून ती आत यायची आणि लगेच लावायची नाही. दार हातानं धरून ठेवायची, क्षणभर, मागून कोणीतरी सावकाश आत येत असल्यासारखी. मग लावायची. तिच्या मागे कोणीही नसायचं.

"कोणासाठी दार धरतेस गं?"

"मी? कुठे धरलं?" ती चिडलीच. खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

कामं ती उजव्या हातानंच उरकायला लागली. भाकरी एका हातानं थापता येत नाही म्हणून पाव आणायला लागली. मुंगीची वेणी माझ्याकडे आली. बुटाच्या नाड्या मुंगी स्वतः बांधायला शिकली, आणि त्यासुद्धा एका हातानं, दुसरं टोक दातात धरून.

"असं कोणी शिकवलं?"

"आई असंच करते," मुंगी म्हणाली.

आणि मुंगी आता आईच्या मागून चालायची. हे मी दुकानाच्या दारातून पाहिलं. पूर्वी दोघी हातात हात घालून यायच्या. आता आई पुढे, पोर दोन पावलं मागे, दप्तराचा पट्टा धरून. त्या गप्पाही बंद. सून बोलायची, पण डावीकडे मान झुकवून, हळू आवाजात. मुंगी ऐकत मागून यायची.

मी पोरीला काउंटरवर बसवलं, हातात बिस्किट दिलं.

"तू आईचा हात का धरत नाहीस गं?"

"त्या बाजूला जागा नाही."

"मग या बाजूचा धर की."

"त्या हातानं आई तिचं नाक पुसते."

"कोणाचं?"

मुंगीनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच लहान आहे. बिस्किट मोडून अर्धं खाल्लं, आणि अर्धं काउंटरच्या कडेला ठेवून दिलं. "हे तिला," म्हणाली. "नाही दिलं तर ओढते."

मी कशाला घाबरणारी बाई नाही. नवरा गेला तेव्हा मुलगा कडेवर होता आणि हातात एक पकड होती, तेवढ्यावर हे दुकान उभं केलंय. पण त्या दिवशी मी ते अर्धं बिस्किट उचललं नाही, आणि दुकान आवरताना ते तिथे आहे की नाही, हे पाहिलंही नाही.

रात्री सुनेला म्हटलं, "उद्या ती कडी काढू."

"का? गिऱ्हाइकं विचारतात त्याबद्दल."

"मला आवडत नाही."

"तुमचं सगळं असंच," ती म्हणाली, आणि उजव्या हातानं डावं मनगट झाकून घेतलं. पोराचे कान झाकावे तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दारात उभी होते. शाळा सुटली होती. पलीकडच्या फुटपाथवर सून उभी, उजव्या हातात मुंगी. मला बरं वाटलं. सांगून फरक पडला म्हणायचा. सिग्नल झाला आणि दोघी निघाल्या.

रस्त्याच्या मधोमध सून थांबली.

ती डावीकडे वाकली. काहीतरी समजावत असावी. मग तिनं मुंगीचा हात सोडला, दोन्ही हातांनी खालून काहीतरी उचललं, कमरेवर घेतलं आणि धावत रस्ता ओलांडला.

मुंगी तिथेच उभी राहिली. दप्तराचा पट्टा धरून.

सिग्नल बदलला.

माझे गुडघे मला धड पायऱ्या चढू देत नाहीत. त्या दिवशी त्यांना विचारलंच नाही. ट्रकच्या ब्रेकचा आवाज झाला, माझ्या तोंडावर गरम हवा आली, आणि मुंगीचा दंड माझ्या मुठीत होता. ड्रायव्हर वरून ओरडला, "ओ आजी, पोरं सांभाळता येत नाहीत का?" त्याला उत्तर न देता मी पोरीला ओढून फुटपाथवर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला उत्तर न देता आले.

सून दुकानाच्या दाराशी उभी होती. डावा हात कमरेवर, वाकवलेला, रिकामा. उजव्या हातानं त्या रिकाम्या जागेवर थोपटत होती.

"झालं, झालं," ती म्हणत होती. "आलो आपण. मुंगी माझी ती."

"आजी," मुंगी म्हणाली. ती रडत नव्हती. "आईनं तिलाच घेतलं."

मी शटर अर्धं खाली ओढलं. सुनेला स्टुलावर बसवलं. मुंगीला तिच्यासमोर उभं केलं, धुळीनं भरलेली, एका पायातला बूट रस्त्यावर राहिलेला. सून बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यातलं रक्त उतरलं.

"हिला मी सोडलं?"

"सोडलंस."

"नाही हो आई. मी हिलाच उचललं होतं. वजन लागत होतं मला. ही माझ्या मानेत तोंड खुपसून..." ती थांबली. डावा हात मात्र खाली गेला आणि बोटं पुन्हा अर्धी मिटली.

"हात दे."

"आई, काढा हे. लगेच काढा." आणि त्याच दमात, खालच्या आवाजात, "हळू करा. ती घाबरेल."

पकड लावली. कडी दबली नाही, पकडीच्या तोंडाला मात्र खाच पडली. करवत घेतली. पातं तुटलं. दुसरं पातं चढवलं, तेही तुटलं. माझ्या हातची झाळ. इतक्या वर्षांत मला माझ्या कामाचा अभिमान आणि संताप एकदमच कधी आला नव्हता.

सुनेची बोटं उघडून बघावी म्हणून मी माझं बोट तिच्या तळव्यात घालायला गेले. तिची मूठ अर्धीच मिटलेली होती. मध्ये मोकळी जागा स्पष्ट दिसत होती, पलीकडचं फडकं दिसत होतं.

बोट आत शिरेना.

तिथे जागा नव्हती.

मी करवतीला तिसरं पातं चढवलं आणि ती खाली ठेवली. खुर्ची ओढून सुनेच्या डाव्या बाजूला बसले, आणि काउंटरवर दंगा करणाऱ्या पोरांशी बोलते त्याच आवाजात बोलले. दुसरा आवाज मला येत नाही.

"इकडे बघ. ही मुंगीची आई आहे. हिला दोनच हात आहेत आणि ते मुंगीला लागतात. तुला कोणी धरलं नाही, माहीत आहे मला. दोरा तुटू दिला आणि पुढे चालत्या झाल्या. मी तसली नाही. माझं पोर मोठं होऊन समुद्रावर गेलं, माझा हात रिकामा आहे. पण माझ्याकडे यायचं तर नियम आहेत. रस्त्यात ओढायचं नाही. मुंगीच्या वाटेला जायचं नाही. आईला पुन्हा हात लावायचा नाही. ऐकणार असशील तर सोड आणि ये."

मी माझा डावा हात खाली सोडला.

बाहेर गाड्या चालल्या होत्या. मुंगी माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

सुनेची करंगळी सरळ झाली.

मग शेजारचं बोट. मग बाकीची.

मी करवत उचलली आणि पातं एका ओढीत कडीतून पार गेलं. लोण्यातून जावं तसं.

माझ्या डाव्या हाताला काहीतरी लागलं. उबदार, जरा चिकट, बिस्किट खाल्लेल्या पोराच्या हातासारखं. आधी एकच बोट चाचपलं. मग घट्ट धरलं.

"आई?" सून म्हणाली. ती माझ्या खांद्याकडे बघत होती.

"मूठ आणि साखळी माझ्या हातात घाल. आणि ज्योत पेटव."

"मी?"

"मला एकाच हातानं झाळ देता येत नाही. तुला यायला हवी आता."

"दोऱ्यानं बांधू या ना. त्या बाई म्हणाल्या होत्या, दोरा आपोआप तुटतो."

"तुटतो. मग ही रस्त्यात पडणार आणि पुढची कोणाची तरी सून उचलणार. ज्योत पेटव म्हटलं ना."

तिनं पेटवली. चामडं ओलं केलं, फडकं ओलं केलं. कधी शिकवलं नव्हतं तरी सगळं बरोबर ठेवलं. रोज बघत होती तर.

"हलतोय तुझा हात."

"आई, तुम्ही जरा गप्प बसाल?"

मी गप्प बसले. दुकानात मला गप्प बसवणारी ती पहिलीच. ज्योत कडीला लागली, चांदी एकदा चमकली आणि फट मिटली. नंतर भिंगाखाली बघितलं. सांधा सापडला नाही. तिला तसं सांगितलं नाही, लगेच डोक्यावर बसली असती. पण दुसऱ्या दिवसापासून ज्योत तिच्याकडे दिली.

साचा मी त्याच दिवशी कातरून टाकला. संग्रहालयातल्या बाई प्रती न्यायला आल्या तेव्हा सांगितलं, होणार नाहीत, दुसरीकडे बघा. त्या जरा नाराज झाल्या. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली आणि तिथून खाली, माझ्या हाताच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर.

"काकू, तुम्ही अशा एका बाजूला वाकून का उभ्या आहात?"

"मालकीणबाई," मी म्हटलं. "आणि वय झालं की वाकतं माणूस."

आता सगळं ठीक चाललंय. सून पुन्हा तरातरा चालते. मायलेकी हातात हात घालून येतात आणि सिग्नलवरची माणसं वळून बघतात. मुंगी माझ्या उजव्या बाजूला बसते, डाव्या बाजूला बसत नाही, आणि बिस्किट मोडताना दोन तुकडे न चुकता करते. मी बाहेर पडले की सावकाश चालते. लोक म्हणतात, आजी थकल्या. म्हणू देत. रस्त्यात मला कोणी ओढत नाही. पोर कुठलंही असो, एकदा नीट सांगितलं आणि धरून ठेवलं की वळणावर येतं. पूर्वी जरा वाकावं लागायचं, हल्ली तेवढं लागत नाही.

रविवारी सकाळी खिडकीशी ऊन येतं तेव्हा मी मुंगीला मांडीवर घेते आणि तिची नखं कापते. ती झाली की जुनं मऊ फडकं पसरते, त्यावर माझं डावं मनगट ठेवते आणि सगळ्यात बारीक कानस घेते. चांदीची असली तरी आठवड्याभरात वाढलेली असतात. हळू घासावी लागतात, नाहीतर रात्रभर टोचतात.